तुमचं नेटिव्ह कुठलं?

चेन्नईच्या वेस्ट मांबलममध्ये कुणाशी ओळख झाली, की नावानंतरचा प्रश्न बहुधा ठरलेला: तुमचं नेटिव्ह कुठलं? गाव सांगायचं तर इंग्रजीत एरवी ‘नेटिव्ह’ला पुढे एखादं नाम लागतं, इथे तो शब्द एकटाच उभा राहतो. ‘नेटिव्ह कुंभकोणम’, ‘पोंगलला नेटिव्हला जातोय’, एवढं पुरतं. मराठी माणसालाही तो परका नाही. लग्नाच्या बायोडेटात ‘नेटिव्ह प्लेस’ची ओळ नसेल तर समोरचे फोन करून विचारतात.

पुढच्या संवादातली दोन माणसं या शब्दाकडे दोन बाजूंनी पाहतात. आग्रही हे तंजावरी मराठी घराण्यातले, जन्मानं मांबलमचे, तमिळ शेजाऱ्यांचे ‘रायर’. संशयी ही महाराष्ट्रातून नोकरीसाठी आलेली, वयानं त्यांच्या मुलीएवढी. आग्रहींची घरची बोली तंजावरची आहे. इथे ती छापील मराठीच्या वळणानं लिहिली आहे, आणि त्यावरूनही पुढे वाद निघतो.

संशयी : काका, या शब्दाबद्दल माझी पहिली तक्रार अशी, की तो सांगतो एक आणि आपण ऐकतो दुसरं. त्याचं मूळ लॅटिनमधलं, जन्माशी जोडलेलं. जिथे जन्म झाला तिथला तो नेटिव्ह. आपल्याकडे मात्र जन्माची आणि नेटिव्हची गाठ क्वचितच पडते. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत महाराष्ट्रात आहे, तशी तमिळ घरांतही आहे. म्हणजे थोरलं मूल जन्मतं आजोळी, वाढतं बापाच्या नोकरीच्या गावी आणि नेटिव्ह म्हणून सांगतं बापाच्या बापाचं गाव. तिथे ते कदाचित एखाद्या लग्नापुरतंच गेलेलं असतं. जन्माचा शब्द घेतला आणि त्यातून जन्मच काढून टाकला. मग तो हवाच कशाला? जन्म कुठे झाला, राहता कुठे, वडील कुठले, असे तीन सरळ प्रश्न आहेत. ज्याला जो हवा तो त्यानं विचारावा.

आग्रही : तीन प्रश्न विचारूनही चौथा उरतो, म्हणून हवा. इंग्रजीत ‘बर्थप्लेस’ आहे, ‘होम टाउन’ आहे. पण तू ज्याला नुसतं ‘गाव’ म्हणतेस आणि तमिळ माणूस ‘सोंद ऊर’, म्हणजे स्वतःचं गाव, म्हणतो, त्याला तिथे नेमका शब्द नव्हता. आपण ‘नेटिव्ह’मध्ये त्याची सोय करून घेतली. त्यात कुलदैवत आलं, सामाईक जमिनीतला हिस्सा आला, सणाला जायची ओढ आली. गणपतीच्या दिवसांत कोकणच्या गाड्यांची आणि पोंगलच्या आधी चेन्नईहून दक्षिणेला सुटणाऱ्या गाड्यांची गर्दी एकाच कारणानं होते. मराठी माणूस ‘कर’ लावून गाव आडनावात घेऊन फिरतो. जुना तमिळ माणूस गावाचं आद्याक्षर नावाआधी लावायचा. सर टी. माधवरावांचा ‘टी’ तंजावरचा. १८२८ साली कुंभकोणमला मराठी घरात जन्मलेले हे गृहस्थ त्रावणकोरचे दिवाण झाले, मग इंदूरचे, मग बडोद्याचे. राज्यं बदलली तरी नावाआधीचं अक्षर राहिलं. परक्या भाषेतला शब्द लोकांनी आपल्या गरजेला वाकवला असेल तर त्यात वाईट काय? तू रोज ज्या लेक व्ह्यू रोडनं जातेस तिथून आज कुठलं तळं दिसतं? मांबलमचं तळं बुजवून १९२० च्या दशकात रुळांपलीकडे टी. नगर वसवलं. तरी रस्त्याचं नाव कुणी खोटं म्हणत नाही.

संशयी : रस्त्याला नाव विचारून कुणी घर नाकारत नाही, काका. माणसाला नाकारतात. मला इथे कुणी विचारलं की मी पुणे सांगते. तेवढ्यानं भागत नाही. ‘ते राहायचं, नेटिव्ह?’ असा पुढचा प्रश्न येतो. मग तालुका, मग गाव, मग गावातली आळी. विचारणारा एकेक पायरी उतरतो आणि जात कळली की थांबतो. घर भाड्यानं देताना हा प्रश्न विचारला जातो तेव्हा त्यात ओढ, सण, कुलदैवत यांतलं काही नसतं. आणि हे पुण्यामुंबईतही असंच चालतं, मी काही मांबलमला बोल लावत नाही.

दुसरं, मोजायचं कुठून आणि थांबायचं कुठे? व्यंकोजीराजांनी तंजावर घेतलं ते १६७० च्या दशकात. भोसल्यांचं ते राज्य १८५५ मध्ये कंपनीनं खालसा केलं. तुमचे पूर्वज त्या काळात कधी तरी इकडे आले. मोजणी तंजावरलाच थांबवायची असं कोणी ठरवलं? आणखी मागे गेलं तर तुम्ही दख्खनचे. पुढे आलं तर तुम्ही मांबलमचे, कारण जन्म इथला.

आग्रही : कोणी ठरवलं ते सांगतो. तंजावरच्या बृहदीश्वराच्या देवळात जाऊन बघ. सरफोजीराजांनी १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास तिथल्या भिंतीवर मराठीत कोरून घेतला. चोळांचं देऊळ, तमिळ मुलूख आणि मजकूर आपल्या भाषेत. आम्ही इथले झालो हे सांगण्याची ती रीत होती, आणि आम्ही कुठून आलो हे विसरलेलो नाही, हेही त्यातच होतं. माझ्या घरात तेच चालत आलं. कोणी विचारलं तर तंजावर सांगतो. त्यामागचं गाव आम्हाला ठाऊक नाही, आणि ठाऊक नसल्याचं दुःखही नाही.

संशयी : ती राजांची भिंत होती. कोरायला परवानगी कोणाची लागणार होती? सामान्य माणसाच्या बाबतीत ‘तू कुठला’ हे दुसराच ठरवत आला, आणि ‘नेटिव्ह’ या शब्दाचा आपल्याकडचा जुना इतिहास तोच आहे. इंग्रजांच्या तोंडी तो गावाबद्दलचा शब्द नव्हता, माणसाबद्दलचा होता. पलटणी ‘बॉम्बे नेटिव्ह इन्फन्ट्री’, संस्थानं ‘नेटिव्ह स्टेट्स’. मुंबईतली शिक्षणाची संस्था ‘बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी’, आणि बाळशास्त्री जांभेकरांसारखा पंडित तिथे ‘नेटिव्ह सेक्रेटरी’. हुद्द्याच्या आधीच त्याचं एतद्देशीयपण लिहून ठेवलेलं. लंडनमधला इंग्रजही लंडनचा नेटिव्हच होता, पण त्याला कुणी तसं लिहिलं नाही. जो शब्द फक्त एकाच बाजूला लावला जातो तो वर्णन करत नाही, उतरंड लावतो. आज आपण तोच शब्द प्रेमानं एकमेकांना विचारतो, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आग्रही : तुझा राग रास्त आहे, पण हकीकत अर्धी आहे. ज्यांना तो शब्द लावला त्यांनी तो उचलून आपल्या पाटीवर लिहिला. मद्रासमध्ये गाजुलू लक्ष्मीनरसू चेट्टींनी १८५२ मध्ये कंपनीच्या कारभाराविरुद्ध गाऱ्हाणी मांडायला संस्था काढली, तिचं नाव ‘मद्रास नेटिव्ह असोसिएशन’. मुंबईत विश्वनाथ नारायण मंडलिकांनी १८६४ मध्ये पत्र काढलं, त्याचं नाव ‘नेटिव्ह ओपिनियन’. मत आमचं आहे आणि ते तुम्ही ऐका, असा त्या नावाचा रोख. उलट, १८८५ मध्ये पलटणींच्या नावांतून ‘नेटिव्ह’ गळला. मराठ्यांच्या जुन्या पलटणीही नुसत्या ‘बॉम्बे इन्फन्ट्री’ झाल्या. पण किंग्ज कमिशनची, म्हणजे लष्करातल्या बरोबरीच्या अधिकारपदाची, दारं हिंदी माणसाला पहिलं महायुद्ध संपत येईपर्यंत उघडली नाहीत. शब्द काढल्यानं उतरंड गेली असती तर मी पहिला तो सोडला असता.

आणि कायद्याचं म्हणशील तर एक गोष्ट तुलाही आवडेल. १८७० च्या कायद्यात ब्रिटिश संसदेनं ‘नेटिव्हज ऑफ इंडिया’ची व्याख्या केली. हिंदुस्थानात जन्मलेला, इथे अधिवास असलेला, आणि ज्याचे आईबाप इथे नेहमी राहणारे आहेत, केवळ तात्पुरत्या कामासाठी आलेले नाहीत, असा कोणीही. त्यात रंग नाही, धर्म नाही, जात नाही, आजोबाचं गाव नाही. त्या व्याख्येनं इथे कायम राहिलेले अँग्लो-इंडियन आणि गोरेसुद्धा कायद्यापुरते नेटिव्ह ठरले. आज मांबलममध्ये तुला जो प्रश्न विचारतात त्याहून ही व्याख्या मोकळी होती.

इथे संशयी जरा थांबते. तिच्या मुद्द्याला हा पहिलाच खरा धक्का आहे, आणि वाचकानंही त्यावर थांबावं असा आहे. ज्या राजवटीनं हा शब्द हिणवायला वापरला तिच्याच कायद्यात त्याची सगळ्यांत उदार व्याख्या सापडते.

संशयी : मान्य. पण त्या व्याख्येतला एक तुकडा मला सोडत नाही: ‘तात्पुरत्या कामासाठी’. तात्पुरता कोण हे कसं ओळखायचं? गिरणगावातला कोकणी चाकरमानी तीस-चाळीस वर्षं मुंबईत राहिला. खोलीत पाळीपाळीनं झोपला, दरमहा गावाला मनीऑर्डर केली. त्याला विचारलं असतं तर त्यानं स्वतःला तात्पुरताच म्हटलं असतं. मुंबई त्याच्या घामावर उभी राहिली, तरी तो तिथला झाला नाही, कारण त्याचं नेटिव्ह रत्नागिरीत होतं. या शब्दानं शहराची फार सोय केली. इथल्या पाण्यावर, घरावर, नळावर तुझा हक्क कशाला, तुझं गाव आहे की, असं म्हणता आलं.

आग्रही : आणि १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, गिरण्या उठल्या, तेव्हा तो कुठे गेला? कितीतरी कामगार गावी परतले. २०२० च्या टाळेबंदीत लोक पायी निघाले ते कुठे निघाले? शहरानं हात वर केल्यावर जिथे ‘का आलास’ असं विचारत नाहीत ती जागा म्हणजे नेटिव्ह. मी म्हणतो तो चौथा प्रश्न हाच आहे. सगळं संपलं तर कुठे जाशील? याला ‘बर्थप्लेस’ उत्तर देत नाही, ‘अधिवास’ देत नाही. ज्याला हे उत्तर आहे तो माणूस शहरात थोडा ताठ चालतो.

संशयी : ज्याला हे उत्तर नाही त्याचं काय? गावात ज्याची जमीन नाही, ज्याला पाणवठ्यावर येऊ दिलं नाही, त्याला ‘का आलास’ असं विचारतातच. डॉ. आंबेडकरांचं उदाहरण घ्या. जन्म महूचा, कारण वडील तिथे लष्करात होते. बालपण साताऱ्यात, पुढचं आयुष्य मुंबईत आणि दिल्लीत. नेटिव्ह म्हणाल तर मंडणगड तालुक्यातलं आंबडवे, ज्या गावाचं नाव त्यांच्या आडनावात आहे. तुमच्या हिशेबानं गाव आडनावात बांधून नेणारा माणूस. आणि त्याच माणसानं ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत गावखेड्याच्या गौरवावर कडक हल्ला केला आणि राज्यघटनेचा घटक गाव नाही, व्यक्ती आहे, याचं समाधान व्यक्त केलं. आपल्या लोकांना त्यांनी गाव धरून राहायला सांगितलं नाही, शहराकडे जायला सांगितलं. अशा माणसाला ‘तुमचं नेटिव्ह कुठलं’ विचारणं म्हणजे जिथून तो सुटला तिथेच त्याला नेऊन उभं करणं.

आग्रही : यावर माझ्याजवळ झटपट उत्तर नाही. एवढंच म्हणतो, की आंबडवेत आज स्मारक आहे आणि महूलाही आहे. दोन्ही ठिकाणचे लोक त्यांना आपलं म्हणतात, आणि महूचं तर २००३ मध्ये नावच डॉ. आंबेडकर नगर झालं. माणसानं गावाला नाकारलं तरी गावं त्याला शोधत आली. त्यात गावांचा स्वार्थ असेल. पण मग नेटिव्ह म्हणजे एकतर्फी गोष्ट नव्हे, हे तरी मानशील?

संशयी : ते मोठ्यांच्या बाबतीत. आता बायकांचं बोलू. माझ्या आजीचं नेटिव्ह कुठलं? जन्मली एका गावी, सतराव्या वर्षी दुसऱ्या गावाचं आडनाव लागलं. पहिल्या गावात पाहुणी, दुसऱ्यात आलेली. तुमचा ‘टी’ आणि आमचा ‘कर’, दोन्ही बापाकडून येतात. सगळं संपल्यावर जायची जागा म्हणालात ना? माहेरी भावाचं राज्य आणि सासरी नवऱ्याच्या नावाचा सातबारा. अर्ध्या लोकांना जो शब्द लागूच पडत नाही, तो सगळ्यांना विचारायचा सर्वसाधारण प्रश्न कसा होतो?

आग्रही : हे तू म्हणतेस ते खरं, आणि इथे शब्दाला नव्हे, कायद्याला हात घालावा लागला. तमिळनाडूनं १९८९ मध्ये हिंदू एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला मुलाइतका हक्क दिला, महाराष्ट्रानं १९९४ मध्ये, आणि २००५ मध्ये तो देशभर झाला. आता वडिलोपार्जित जमिनीवर मुलीचं नाव चढतं. म्हणजे तुझ्या पिढीला ‘माझं नेटिव्ह’ म्हणताना मागे कागद आहे.

संशयी : कागद आहे, आणि ‘भावासाठी हक्क सोड’ म्हणून सहीही मागतात.

आग्रही : मागतात. देऊ नकोस.

या तीन शब्दांत आग्रही आपल्या बाजूपेक्षा पुढे गेले आहेत. नेटिव्ह म्हणजे ओढ असं म्हणत होते, आता हक्क म्हणू लागले. संशयीच्या ते लक्षात येतं.

संशयी : बघा काका, तुम्हीच ओढीवरून हक्कावर आलात. मला भीती आहे ती तिथेच. ओढीला वाटेकरी असले तरी ती कमी होत नाही. हक्काला कुंपण लागतं. १९६६ मध्ये शिवसेना निघाली तेव्हा मुंबईतल्या दाक्षिणात्यांविरुद्ध भूमिपुत्रांच्या नावानं आंदोलन झालं. माटुंग्यात कित्येक तमिळ घरांची दुसरी पिढी तेव्हा तिथेच जन्मली होती, तुम्ही मांबलममध्ये जन्मलात तशीच. त्यांचं नेटिव्ह पालघाट आणि तंजावर, म्हणून ती मुंबईची नव्हेत. तमिळनाडूत तहसीलदाराकडून ‘नेटिव्हिटी सर्टिफिकेट’ मिळतं, महाराष्ट्रात अधिवासाचा दाखला लागतो. राज्यघटनेच्या सोळाव्या कलमानं सरकारी नोकरीत जन्मस्थानावरून भेद करायला बंदी केली, आणि सर्वोच्च न्यायालयानं १९८४ मध्ये प्रदीप जैन खटल्यात सांगितलं की भारतात अधिवास एकच, भारताचा. तरी रकाने आहेत तिथेच आहेत.

आग्रही : रकाने काढले तर गरीब राज्यातल्या, गरीब घरातल्या मुलाची जागा पैसेवाल्या शहरातलं मूल घेऊन जाईल, हेही त्याच न्यायालयापुढे मांडलं गेलं होतं. आणि ऑस्ट्रेलियात बघ. तिथल्या मूळ रहिवाशांना १९९२ च्या माबो निकालानं आणि पुढच्या वर्षीच्या ‘नेटिव्ह टायटल’ कायद्यानं जमिनीवरचा हक्क मान्य झाला. ज्यांची जमीन गोऱ्यांनी बिनधन्याची म्हणून घेतली होती, त्यांनी काय म्हणावं, आम्हाला कुंपण नको? हक्काचा शब्द दुबळ्याच्या हातात एक असतो, बलवानाच्या हातात दुसरा.

आता भाषेचं सांगतो, कारण तिथे मी स्वतः बाहेरचा ठरतो. अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ लेनर्ड ब्लूमफील्ड यांनी १९३३ च्या आपल्या ‘लँग्वेज’ या ग्रंथात मांडलं, की माणूस पहिली जी भाषा बोलायला शिकतो तिचा तो नेटिव्ह भाषक. त्या न्यायानं मी मराठीचा नेटिव्ह. आईनं मला मराठीतच जेवायला बोलावलं. पण मी लिहायला शिकलो तमिळ, महाराष्ट्र पाहिला तो तरुणपणी, आणि पुण्यात बोललो की लोक विचारतात, तुम्ही मराठी कुठे शिकलात? आता हेच बोलणं छापायचं तर ते तुमच्या वळणावर न्यावं लागतं. साडेतीनशे वर्षं घरात सांभाळलेली बोली, आणि तिच्या नेटिव्हपणाचा दाखला द्यायचा पुण्यानं?

संशयी : त्यांनी तसं विचारू नये, हे मी मनापासून म्हणते. पण मग माझंही तेच म्हणणं आहे ना! दाखला दुसऱ्याच्या हातात असतो.

आग्रही : आणि माझं म्हणणं, की तो हातातून काढून घ्यावा, फाडू नये. आमच्याकडे डांगर पच्चडी करतात, उडदाचं पीठ दह्यात कालवून. तुमच्याकडे ते नुसतं डांगर. वेस्ट मांबलमच्या व्यंकटेश्वरा बोली स्टॉलवर नारळाची आणि पुरणाची पोळी घ्यायला लोक रांग लावतात. ती पोळी तमिळ, कानडी की मराठी, हे खाणारा विचारत नाही. बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’मध्ये ‘पोलिका’ आहे, आणि तो ग्रंथ कल्याणीच्या चालुक्य राजाचा. पदार्थाला एकाहून जास्त नेटिव्ह असू शकतात. माणसालाही असावेत.

संशयी : पदार्थाला जे मिळतं ते माणसाला मिळत नाही, हेच तर दुखणं आहे. ‘गावरान’ तुपाला जास्त पैसे मोजतात आणि ‘गावठी’ माणसाला हसतात. तमिळमध्ये नाट्टु कोळी, नाट्टु मरुंदु, म्हणजे गावठी कोंबडी आणि देशी औषध, यांना मान. खेडवळ उच्चाराला नाही. एकाहून जास्त नेटिव्ह असावेत हे तुमचं मी घेते. पण मग प्रश्नच बदलायला हवा. ‘नेटिव्ह कुठलं’ म्हटलं की उत्तर एकच अपेक्षित असतं.

आग्रही : प्रश्न तोच राहू दे, उत्तर लांब देऊ. तंजावर, मांबलम, आणि भाषा मराठी. ऐकणाऱ्याला वेळ नसेल तर तो त्याचा दोष.

संशयी : तुमच्या वयाला लोक थांबून ऐकतात. घर शोधत फिरणाऱ्या मुलीचं लांब उत्तर कुणी ऐकत नाही, काका. तिला एका शब्दात सांगावं लागतं आणि त्यावर किल्ली मिळते किंवा मिळत नाही. म्हणून मी म्हणते, ज्याच्या हातात किल्ली आहे त्यानं हा प्रश्न विचारूच नये.

आग्रही : आणि ज्याच्या हातात किल्ली नाही त्यानं?

संशयी : त्यानं विचारावा. रांगेत पोळी घेताना विचारला तर मी गावाच्या आळीपर्यंत सांगेन.

आग्रहींना ही वाटणी पटत नाही. त्यांच्या मते शेजारी आज रांगेत असतो आणि उद्या घरमालक होतो. माणूस तोच, प्रश्न तोच. संशयी म्हणते, त्याच कारणानं सवय रांगेतच लागायला हवी. मतभेद इथे उरतो, पण सुरुवातीचा नव्हे. शब्द खरा की खोटा यावर आता दोघांचं भांडण नाही. कोणी, कोणाला, काय हातात धरून विचारला, यावर आहे. आणि ‘तात्पुरतं कोण’ या १८७० च्या कायद्यातल्या प्रश्नाला दोघांपैकी कुणीच उत्तर दिलेलं नाही. संशयी स्वतः चेन्नईत तात्पुरती आहे की नाही, हे तिनंही सांगितलेलं नाही.

भारताची जनगणना माणसाचं जन्मस्थान विचारते, आणि १९७१ पासून आधीचं राहण्याचं ठिकाणही विचारते. मातृभाषेचा रकाना त्यात आहे. नेटिव्हचा नाही.